पार्सलचं मूळ गाव

ऑनलाइन काही घ्यायचं असलं की किंमत बघण्याआधी मी एक ओळ शोधते: माल कुठून निघणार? ती सहसा चटकन सापडत नाही. वस्तूचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो असतात, रंग असतात, अनोळखी माणसांनी दिलेले तारे असतात, 'मोफत घरपोच' तर डोळ्यांत भरेल एवढ्या मोठ्या अक्षरांत असतं. निघण्याचं ठिकाण मात्र पानाच्या तळाशी, फिकट करड्या अक्षरांत. पुष्कळदा तेही नाही. दुकानदाराचा हिशेब सरळ असावा: गिऱ्हाइकाला वस्तू मिळाल्याशी मतलब, ती कुठून आली याच्याशी काय? पण त्या एका ओळीवर बरंच काही ठरतं. वस्तू कधी येईल, वाटेत किती हातांतून जाईल, सीमाशुल्क भरावं लागेल का, फुटकी निघाली तर परत कुठे पाठवायची, आणि ती परत घ्यायला कोणी तयार तरी असेल का.

आधी एक गुंता सोडवू. ज्या वेबसाइटवर आपण खरेदी करतो ती, 'विक्रेता' म्हणून जिथे नाव लिहिलेलं असतं तो, आणि ज्याच्या फडताळावरून वस्तू उचलली जाते तो, हे तिघं वेगवेगळे असू शकतात. विक्रेता एका शहरात बसलेला आणि त्याचा माल भलत्याच शहरात, वेबसाइटच्या गोदामात ठेवलेला, हा आता सर्रास प्रकार झालाय. विक्रेता माल एकगठ्ठा तिकडे पाठवून देतो, जागेचं भाडं आणि प्रत्येक ऑर्डरमागे हाताळणीचे पैसे भरतो. पॅकिंग, लेबल, कुरिअर, पुढचं सगळं गोदामवाले बघतात. अशा विक्रेत्याला फोन लावून 'माझं पार्सल कुठवर आलं?' विचारलं, तर त्यालाही आपल्याइतकंच दिसत असतं.

ड्रॉपशिपिंग ही याच्या पुढची पायरी. इथे विक्रेत्याकडे माल नसतोच. आपली ऑर्डर आली की तो तीच ऑर्डर कारखान्याला किंवा घाऊक व्यापाऱ्याला देतो आणि खोकं तिथून परस्पर आपल्याकडे निघतं. यात बेकायदा काही नाही, अवजड मालाच्या धंद्यात तर ही पद्धत सोयीचीच आहे. तीच वस्तू उगाच दोनदा उचलायची कशाला? पण ज्याने ती वस्तू कधी हातात घेतली नाही तोच तिच्या दर्जाची ग्वाही देत असतो, हे मला पचत नाही. पोहोचण्याची मुदत 'दहा ते तीस दिवस' अशी ऐसपैस असेल आणि परतीचा पत्ता शोधूनही सापडत नसेल, तर मी ते पान बंद करते.

बरं, समजा हे काहीच नाही. मोठी वेबसाइट, तिचंच गोदाम, तेही देशातलंच. तरीसुद्धा आपण बटण दाबतो त्या क्षणी 'कुठून?' या प्रश्नाला उत्तर नसतंच. तीच वस्तू पाच-सात गोदामांत असते आणि त्यातलं कोणतं निवडायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. जवळचं गोदाम कोणतं एवढाच प्रश्न असता तर काम सोपं होतं. ऑर्डरमधल्या सगळ्या वस्तू एकाच ठिकाणी मिळतात का, आज संध्याकाळच्या ट्रकमध्ये जागा आहे का, त्या गोदामात कामाचा आधीच किती ढीग पडलाय, जवळच्या गोदामात शेवटचा नग उरला असेल तर तो आणखी घाईच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवावा का, हे सगळं जमेस धरून निर्णय होतो. म्हणून एकाच वेळी मागवलेली वही आणि पेन दोन वेगळ्या खोक्यांत, दोन वेगळ्या दिवशी येतात. शेजारच्याला तीच वस्तू उद्या मिळते आणि आपल्याला चार दिवसांनी, याचंही कारण बहुधा इथेच असतं.

या गोदामांच्या आत काय चालतं ते कळल्यावर मला पहिल्यांदा हसूच आलं होतं. दुकानात कसं, साबण साबणांजवळ, पुस्तकं पुस्तकांजवळ. मोठ्या ऑनलाइन गोदामांत तसं नसतं. आलेला माल जिथे रिकामी जागा दिसेल तिथे ठेवतात. विसरभोळ्या माणसाच्या कपाटात असावं तसं बॅटरीच्या शेजारी बाहुली आणि बाहुलीला टेकून शब्दकोश. फरक एवढाच की कोणत्या कप्प्यात काय आहे हे संगणक विसरत नाही. या अव्यवस्थेचा फायदा असा की जागा वाया जात नाही, आणि एकच वस्तू अनेक कप्प्यांत विखुरलेली असल्यामुळे कामगार कुठेही असला तरी ती त्याच्यापासून फार दूर नसते. शिवाय दिसायला सारख्या दोन वस्तू शेजारी नसल्या की चुकीची उचलली जाण्याची शक्यता घटते. ॲमेझॉनने 2012 मध्ये 77.5 कोटी डॉलर मोजून गोदामांसाठी यंत्रमानव बनवणारी किव्हा सिस्टिम्स ही कंपनी घेतली, त्यानंतर तर उलटंच सुरू झालं: माणूस जागेवर उभा आणि बुटके यंत्रमानव अख्खी फडताळं उचलून त्याच्यापुढे आणतात.

हे सविस्तर सांगायचं कारण, एक प्रश्न मला बरेच जण विचारतात. गोदाम माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, मग मी जाऊन माझी वस्तू का आणू शकत नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. वस्तू उत्तरेला, घर दक्षिणेला, मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता, तरी 'तीन दिवस लागतील'! पण गोदाम म्हणजे दुकान नव्हे. तिथे गल्ला नाही, बाहेरच्या माणसाला उभं राहायला जागा नाही, त्याची ओळख तपासायला कोणी नेमलेलं नाही. आपली वस्तू म्हणजे हजारो कप्प्यांतल्या एका कप्प्यातला एक नग. ती उचलण्याची पाळी येते, पॅकिंगच्या पट्ट्यावर जाते, लेबल लागतं आणि दिशेनुसार लावलेल्या ट्रकमध्ये चढते. एका माणसासाठी ती रांगेतून बाहेर काढून फाटकापाशी आणून द्यायची, तर ट्रकमधून शंभर पार्सलांबरोबर पाठवण्यापेक्षा जास्त खर्च येईल. म्हणूनच अर्ध्या तासावरचं खोकं आधी वर्गवारी केंद्राकडे जातं, तिथून आपल्या भागातल्या केंद्राकडे, आणि मग आपल्याकडे.

पार्सल आपल्या दिशेने येण्याआधी आपल्यापासून लांब जातं, हे ट्रॅकिंगच्या नकाशावर बघताना अनेकांचा जीव कासावीस होतो. कुरिअरच्या धंद्यात मात्र ती रीतच आहे. 17 एप्रिल 1973 च्या रात्री फेडेक्स या अमेरिकी कुरिअर कंपनीने काम सुरू केलं, तेव्हा 14 छोट्या विमानांतून 25 शहरांकडे 186 पार्सलं रवाना झाली, तीही सगळी मेम्फिस या एकाच शहरामार्गे. शेजारच्या शहरात जाणारं पाकीटही आधी मेम्फिसला जायचं. प्रत्येक शहरातून प्रत्येक शहराकडे विमान सोडायचं तर शेकडो मार्ग लागतात, सगळ्यांना मध्यभागी आणून तिथून वाटायचं तर पंचवीस पुरतात. अंतर वाढतं, पण विमानं भरलेली जातात.

वळशांचा विषय निघालाच आहे तर विटांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1916 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात व्हर्नल नावाच्या गावी बँकेची इमारत बांधायची होती. विटा सॉल्ट लेक सिटीहून हव्या होत्या आणि मालवाहतुकीचा दर परवडेना. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की टपालाचं पार्सल स्वस्त पडतंय. मग काय, हजारो विटा पन्नास-पन्नास पौंडांच्या पुडक्यांत बांधून चक्क टपालाने पाठवल्या. ती पुडकी आधी रेल्वेने शेजारच्या कोलोरॅडोत गेली, तिथून दुसऱ्या, डोंगरातल्या रेल्वेने परत युटात आली आणि शेवटचा टप्पा घोडागाडीने पार झाला. टपाल खात्याने पुढे एका माणसाने एका माणसाला दिवसाला किती वजन पाठवावं यावर मर्यादा घातली. इमारत अजून उभी आहे.

गोदाम कुठे असावं हे फक्त अंतरावर ठरत असेल असं वाटत असेल, तर त्यात कराचा वाटाही धरायला हवा. अमेरिकेत 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की ज्या राज्यात विक्रेत्याचं प्रत्यक्ष अस्तित्व नाही, म्हणजे दुकान, कचेरी, गोदाम काहीच नाही, त्या राज्याला त्याच्याकडून विक्रीकर गोळा करवून घेता येणार नाही. दोनच वर्षांनी जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनसाठी वॉशिंग्टन राज्यातलं सिॲटल निवडलं. त्यांनी मुलाखतींत सांगितलेल्या कारणांत दोन आपल्या विषयाची आहेत. एक, राज्याची लोकसंख्या कमी, म्हणजे कर लावावा लागेल असे ग्राहकही कमी. दुसरं, शेजारच्या ओरेगनमधल्या रोझबर्गला पुस्तकांच्या एका बड्या घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानाचा पत्ता दुसऱ्याच्या गोदामाकडे बघून ठरला, हे मला फार बोलकं वाटतं. पुढे कितीतरी वर्षं नवं गोदाम उघडायचं म्हणजे त्या राज्यातल्या ग्राहकांना कर लावायला सुरुवात करायची, असा हिशेब होता. तो 1992 चा दंडक न्यायालयाने 2018 मध्ये मोडीत काढला. पण तोवर 'उद्याच हवंय' म्हणणाऱ्या ग्राहकांनी गोदामं शहरांच्या वेशीपर्यंत खेचून आणली होती.

देशाबाहेरून येणाऱ्या पार्सलाचा हिशेब आणखी निराळा. दूर देशातून हातरुमालाएवढी वस्तू येते आणि तिचा वाहतूकखर्च जवळच्या शहरातून येणाऱ्या वस्तूपेक्षा कमी कसा? याचं उत्तर टपाल खात्यांच्या आपसांतल्या करारांत आहे. 1874 मध्ये बर्नला झालेल्या करारातून जागतिक टपाल संघटना उभी राहिली. एका देशाने दुसऱ्याचं टपाल आपल्या हद्दीत वाटून दिल्याबद्दल किती पैसे घ्यायचे, याचे दर तिच्या चौकटीत ठरतात. विकसनशील देशांना त्यात दीर्घकाळ सवलत होती आणि ऑनलाइन व्यापार फुगल्यावर चीनमधून निघणाऱ्या छोट्या पुडक्यांना तिचा भरपूर लाभ झाला. अमेरिकेने 2018 मध्ये संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि 2019 च्या सप्टेंबरात जिनिव्हातल्या विशेष अधिवेशनात तडजोड होऊन दर बदलले. सीमाशुल्काचंही तसंच. युरोपीय संघात 22 युरोंपर्यंतच्या आयात वस्तूंना मूल्यवर्धित कर माफ होता, तो 1 जुलै 2021 पासून लागू झाला. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काविना आत यायचं, ती सवलत चीन आणि हाँगकाँगसाठी मे 2025 मध्ये गेली आणि बाकी देशांसाठी त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस. एकाच वस्तूची एकूण किंमत ती कुठून निघते त्यावर अशी हलते आणि खरेदीच्या पानावर त्याचा मागमूसही नसतो.

निघण्याचं ठिकाण शोधायच्या काही वाटा आहेत. आंतरराष्ट्रीय टपालाचा ट्रॅकिंग क्रमांक तेरा चिन्हांचा असतो: आधी दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी पुन्हा दोन अक्षरं. ती शेवटची दोन अक्षरं क्रमांक देणाऱ्या देशाची. सीएन असेल तर चीन, डीई असेल तर जर्मनी. विक्रेत्याने पानावर काहीही लिहिलेलं असो. बारकोडचे पहिले तीन आकडे बघून वस्तू कुठे बनली ते सांगणारे लोकही भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. ते आकडे बारकोड कोणत्या देशातल्या संस्थेकडे नोंदवला एवढंच सांगतात, कारखाना कुठेही असू शकतो. आणि 'लेबल तयार झालं' म्हणजे पार्सल निघालं, असाही समज करून घेऊ नये. त्या घडीला कोणीतरी फक्त कागद छापलेला असतो. पहिला खरा टप्पा म्हणजे कुरिअरने ते स्कॅन करून घेतल्याची नोंद, आणि तिच्याशेजारी लिहिलेलं गाव हेच पार्सलचं मूळ गाव.

काही वस्तू मात्र अंतरामुळे नाही तर स्वभावामुळे उशिरा येतात. सुटी लिथियम-आयन बॅटरी 1 एप्रिल 2016 पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाही. मालवाहू विमानातून न्यायची तर तिचं चार्जिंग तीस टक्क्यांच्या वर नको. पॉवर बँकही याच नियमात बसते. तेव्हा सोबत मागवलेलं कव्हर विमानाने येऊन पोहोचतं आणि पॉवर बँक रस्त्याने रखडत येते, यात कुरिअरवाल्याचा दोष नाही.

आता पिकअप, म्हणजे आपण स्वतः जाऊन घेणं. याकडे लोक घरपोच सेवेची गरीब बहीण म्हणून बघतात. इतिहास उलटा आहे. वेल्समधल्या न्यूटाउनच्या प्राइस प्राइस-जोन्स यांनी 1861 मध्ये कॅटलॉग पाठवून टपालाने फ्लॅनेल विकायला सुरुवात केली. पुढे 1879 मध्ये त्यांनी प्रचंड गोदाम बांधलं ते रेल्वे स्टेशनच्या शेजारी. शिकागोत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी 1872 मध्ये एका कागदावर छापलेल्या यादीपासून धंदा उभा केला. गिऱ्हाईक खेड्यापाड्यांतले शेतकरी. शिकागोच का, तर रेल्वेचे सगळे फाटे तिथे मिळत. आणि माल घ्यायला शेतकरी कुठे जायचा? स्टेशनवर, स्वतःची गाडी जुंपून. अमेरिकेच्या खेड्यांत टपाल घरापर्यंत नेण्याचे प्रयोग 1896 मध्ये सुरू झाले आणि जड पार्सलं नेणारी सरकारी टपालसेवा 1 जानेवारी 1913 ला आली, तोवर बहुतेकांसाठी 'मागवणं' आणि 'जाऊन आणणं' हे एकाच व्यवहाराचे दोन भाग होते. घरपोच हा मागाहून आलेला लाड आहे.

तो लाड महागही आहे. पार्सलाच्या प्रवासातला सर्वांत खर्चिक भाग म्हणजे शेवटचे काही किलोमीटर. देशभर हजारो खोकी एका ट्रकमध्ये, पण शेवटी एकेक खोकं घेऊन एकेक जिना चढायचा, बेल वाजवायची, कोणी नसलं तर परत घेऊन जायचं आणि उद्या पुन्हा यायचं. जपानमध्ये काही वर्षांपूर्वीच्या सरकारी पाहणीत दिसलं होतं की तेव्हा सुमारे एक पंचमांश पार्सलांसाठी पुन्हा फेरी मारावी लागायची. त्यातच एप्रिल 2024 पासून तिथे ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला 960 तासांची मर्यादा आली. म्हणजे फेऱ्या मारायला माणूस आणायचा कुठून, हा आकडेमोडीचा प्रश्न झाला. लॉकर हे त्यावरचं एक उत्तर. जर्मनीत डीएचएल या कुरिअर कंपनीने 2001 मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झला ते सुरू केले, पोलंडमध्ये इनपोस्टने 2009 मध्ये. आता पोलंडमधल्या बऱ्याच लोकांना घरी डिलिव्हरी घेणंच कटकटीचं वाटतं. एका थांब्यावर चाळीस पार्सलं कप्प्यांत टाकून कामगार पुढे निघतो, आणि आपण हव्या त्या वेळी सांकेतिक आकडा दाबून कप्पा उघडतो.

मला लॉकर आवडतो. बेल वाजेल म्हणून घरात अडकून बसावं लागत नाही आणि कोणा कामगाराला माझ्यासाठी धावत जिना चढावा लागत नाही. पण त्याची तरफदारी करताना हेही म्हटलं पाहिजे की शेवटचा टप्पा नाहीसा होत नाही, तो माझ्या अंगावर येतो. मला चालता येतं, माझ्याकडे वेळ आहे, म्हणून मला ते परवडतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, तान्हं मूल असलेल्या आईला 'जवळच आहे, या घेऊन' म्हणणं म्हणजे खर्च त्यांच्याकडे ढकलणं. तेव्हा पिकअप घेणाऱ्याला किमतीत काहीतरी सूट मिळायला हवी. काही ठिकाणी मिळते. जिथे दोन्हींची किंमत एकच असते तिथे आपल्या पायपिटीचे पैसे कोणाच्या खिशात जातात, ते उघड आहे.

'दुकानातून घेऊन जा' या पर्यायातही दोन भिन्न गोष्टी एका नावाखाली राहतात. एकात वस्तू त्या दुकानाच्या फडताळावर आत्ता आहे. कर्मचारी ती काढून बाजूला ठेवतो आणि तासाभरात निरोप येतो. दुसऱ्यात वस्तू गोदामातूनच निघते, फक्त आपल्या घराऐवजी दुकानात पोहोचते, आणि तिला घरपोचइतकेच दिवस लागतात. पानावर दोन्हींना तेच बटण. मुदत तासांत सांगितली असेल तर पहिला प्रकार, दिवसांत असेल तर दुसरा. पहिल्या प्रकारातही निरोप आल्याशिवाय घरातून निघू नये. संगणक म्हणतो एक नग शिल्लक आहे, पण तो एखाद्या गिऱ्हाइकाच्या टोपलीत असतो, कोणी चुकीच्या फडताळावर ठेवलेला असतो किंवा फुटून मागच्या खोलीत पडलेला असतो.

घ्यायला जाताना ओळखपत्र, ऑर्डर क्रमांक आणि तो सांकेतिक आकडा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पार्सल किती दिवस राखून ठेवतात हे फार थोडे जण बघतात. मुदत संपली की खोकं मुकाट्याने माघारी निघतं. मोठी वस्तू असेल तर ती कप्प्यात मावेल का हेही आधीच बघावं. शक्य असेल तर खोकं तिथेच उघडावं. दुकानाच्या गल्ल्यावर दाखवलेली मोडतोड आणि घरी नेऊन फोटो काढून पाठवलेली मोडतोड यांना मिळणारी उत्तरं सारखी नसतात.

आणि परत करायची वेळ आली तर आणखी एक पत्ता पुढे येतो. परतीचा माल आला त्या गोदामात बहुधा जात नाही. त्यासाठी वेगळी केंद्रं असतात, तिथे तो तपासतात, आणि पुन्हा विकता येण्याजोगा नसेल तर घाऊक लिलावात एकगठ्ठा निघतो. देशातल्या खरेदीत हे आपल्याला जाणवतही नाही. पिकअपच्याच जागी खोकं ठेवून मोकळं होता येतं. परदेशातून आलेल्या स्वस्त वस्तूचं मात्र वेगळं. ती येताना ज्या सवलतीच्या दराने आली तो दर परतीला मिळत नाही आणि पाठवणीचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा वर जातो. अशा वेळी विक्रेता निमूट पैसे परत करतो आणि कळवतो, वस्तू राहू द्या तुमच्याकडेच.